रिकामे हात आणि दोन कायदे

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसमोर पहाडगंज, नवी दिल्ली येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



पहाडगंज ही वस्ती दिल्लीतल्या मराठी माणसाला परकी नाही. नूतन मराठी विद्यालय येथे आहे, बृहन्महाराष्ट्र भवन येथे आहे आणि गाडीतून उतरल्यावर पहिली रात्र याच परिसरात काढलेले आपल्यापैकी अनेक जण असतील. एका बाजूला नवी दिल्ली रेल्वे स्थानक, दुसऱ्या बाजूला लॉज, खाणावळी आणि घाऊक बाजाराच्या गल्ल्या. पाठीवर ओझे वाहणारा हमाल, हातगाडी ओढणारा, हॉटेलात भांडी घासणारा मुलगा आणि पुलाखाली हात पसरून बसलेला म्हातारा अशी सगळी माणसे येथे पाच मिनिटांच्या पायपिटीत दिसतात. यांतला कष्टाळू कोण आणि ऐतखाऊ कोण, हे आपण मनाशी पटकन ठरवूनही टाकतो.

आजचा विषय समाजकल्याणाची अनुदाने आणि श्रमाविषयीचा समाजाचा दृष्टिकोन असा आहे. परीक्षेच्या दृष्टीने त्याची मांडणी योजनांच्या यादीने करता येईल. ती यादी आपल्यापाशी आहेच, म्हणून मी वेगळी वाट घेणार आहे. आपल्या राज्याच्या विधिमंडळाने केलेले दोन कायदे दिल्लीपर्यंत पोहोचले. पहिला १९५९ चा, दुसरा १९७७ चा. दोन्हींच्या समोरचा माणूस एकच आहे, हाताला काम नसलेला. पहिला कायदा त्याला विचारतो, ‘तू काम का करत नाहीस?’ दुसरा विचारतो, ‘तुला काम हवे आहे काय?’ या दोन प्रश्नांतील अंतर हा माझ्या मते आजच्या विषयाचा गाभा आहे.

पहिला कायदा

मुंबई भिक्षा प्रतिबंध अधिनियम, १९५९ हा तेव्हाच्या द्वैभाषिक मुंबई राज्याचा कायदा. महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले १ मे १९६० रोजी, आणि त्याच वर्षी केंद्र सरकारने हा कायदा दिल्लीस लागू केला. पुढे अनेक राज्यांनी तो जसाच्या तसा किंवा थोड्या फरकाने स्वीकारला. त्यातील ‘भीक मागणे’ या संज्ञेची व्याख्या मुळातून वाचण्यासारखी आहे. सार्वजनिक ठिकाणी भिक्षा मागणे किंवा घेणे एवढ्यावर ती थांबत नाही. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखवणे, इतकेच नव्हे तर एखादी वस्तू विकायला पुढे करणे, या निमित्ताने मागणेही त्यात येते. शिवाय चरितार्थाचे कोणतेही दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणे किंवा थांबणे, आणि तो मनुष्य भिक्षेवरच जगत असावा असे दिसणे, हेसुद्धा व्याख्येत बसते.

आता आपल्या मुलखाकडे पाहा. पहाटे दारात येणारा वासुदेव, पिंगळा, कुडमुडे जोशी, नंदीबैलवाला, बहुरूपी, डोंबारी. शतकानुशतके गावगाड्याने ज्यांना सुपातून धान्य दिले ते सगळे या व्याख्येच्या जाळ्यात येतात. गावाच्या लेखी वासुदेवाचे गाणे हे काम होते आणि सुपातले दाणे हा त्याचा मोबदला होता. कायद्याच्या लेखी ते भिक्षा मागण्याचे निमित्त ठरले. पोलिसांना वॉरंटाशिवाय अटक करता येत असे. पहिल्या खेपेस एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात स्थानबद्धता, आणि पुन्हा पुन्हा सापडल्यास ती दहा वर्षांपर्यंत. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांपूर्वी यासाठी फिरती न्यायालयेही चालवली गेली.

या कायद्याचा हेतू निव्वळ दुष्ट होता असे मी म्हणणार नाही. लहान मुलांना अपंग करून भीक मागायला लावणाऱ्या टोळ्या ही कल्पनेतली गोष्ट नव्हे. तथापि टोळीचा म्होरक्या आणि टोळीचा बळी यांत कायद्याची पकड सहज बसली ती बळीवर, कारण रस्त्यावर तोच सापडतो.

संशयाची जुनी वहिवाट

काम करण्याजोगा असून न करणारा आणि खरोखर असहाय असलेला, यांना वेगळे कसे काढावे हा प्रश्न १९५९ मध्ये निर्माण झाला नाही. इंग्लंडमध्ये १८३४ च्या गरीबविषयक कायद्याने त्याचे एक कठोर उत्तर दिले होते. मदत घेणाऱ्याची स्थिती सर्वांत गरीब मजुरापेक्षाही निकृष्ट ठेवायची, म्हणजे ज्याला दुसरा उपायच नाही तोच येईल. हा विचार जहाजातून हिंदुस्थानात आला आणि १८७६-७८ च्या महादुष्काळात दख्खनच्या माणसांवर वापरला गेला. सर रिचर्ड टेंपल यांनी १८७७ च्या आरंभी दुष्काळी कामावरील मजुराची दैनिक मजुरी एक पौंड धान्य आणि एक आणा इतकी उतरवली. एक पौंड म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम. दगड फोडणाऱ्या माणसाचे दिवसभराचे अन्न! त्याच्या जोडीला अंतराची कसोटी होती. काम घरापासून मुद्दाम दूर ठेवायचे आणि जो तेवढे चालून येईल तोच खरा गरजू मानायचा.

मुंबई इलाख्यात याला मजुरांनी दिलेले उत्तर फार थोड्या पाठ्यपुस्तकांत आढळते. हजारो मजुरांनी कमी केलेली मजुरी नाकारून कामाची ठिकाणे सोडली. हा उपाशी माणसांचा संप होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने दुष्काळग्रस्त जिल्ह्यांतील स्थिती नोंदवून सरकारपुढे मांडली. अधिकाऱ्यांमध्ये मात्र असाही एक तर्क चालला की, ज्याअर्थी हे लोक काम सोडून गेले त्याअर्थी ते तितके गरजू नसावेत. कामावर आला तर सरकारी पैशांचा लोभी आणि न आला तर आळशी. अशा युक्तिवादापुढे गरिबाने काहीही केले तरी तो दोषीच ठरतो.

दुसरा कायदा

या पार्श्वभूमीवर वि. स. पागे यांचे महत्त्व समजून घ्यावे. पागे हे १९६० पासून १९७८ पर्यंत महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. गांधीविचारांचे, सांगली जिल्ह्यातले. त्याच जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे १९६५ मध्ये त्यांच्या पुढाकाराने एक छोटा प्रयोग झाला. ज्याला अंगमेहनतीचे काम हवे आहे त्याला ते गावाजवळ द्यायचे आणि त्या कामातून शेतीला उपयोगी पडेल असे काहीतरी उभे करायचे. या प्रयोगात गरजू कोण हे कोणत्याही समितीने ठरवायचे नव्हते. उन्हात माती उपसायला जो येतो त्याची गरज आणखी तपासायची कशाला? म्हटले तर ही १८७७ च्याच कसोटीची दुसरी बाजू आहे, पण फरक मूलभूत आहे. टेंपल यांची कसोटी माणसाला परत पाठवण्यासाठी होती. पाग्यांनी काम घराजवळ आणले.

मग आला १९७२ चा दुष्काळ. आपल्या घरातील आजी-आजोबांना विचारा. लाल मिलो, सुकडी, खडी फोडण्याची कामे, नालाबंडिंग, पाझर तलाव हे शब्द त्यांच्या तोंडून ऐकायला मिळतील. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवरील हजेरी सुमारे ५० लाखांवर गेली होती. १९७१ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या पाच कोटींच्या थोडी वर होती. म्हणजे तान्ही मुले, वृद्ध आणि शहरवासी धरूनही दर दहा माणसांतील एक जण त्या उन्हाळ्यात सरकारी कामावर घाम गाळत होता. त्यात जमिनीचे मालक होते, एरवी शेतमजुराला कामाला लावणारे कुणबी होते, बलुतेदार होते. बायकांची संख्या तर लक्षात भरण्याइतकी मोठी होती. ‘लोकांना काम नको असते’ या समजुतीची याहून मोठी परीक्षा महाराष्ट्रात कधी झाली असेल असे मला वाटत नाही.

दुष्काळ ओसरला, पण मागणी टिकली. रोजगार हमीच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवण्यात आला. आजही महाराष्ट्रातील नोकरदाराच्या पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये अशी जी वजावट दिसते तिचे मूळ येथे आहे. शहरातील पगारदाराने खेड्यातील मजुराच्या कामाचा भार उचलावा, असा हा करार होता. गंमत अशी की वर्षानुवर्षे तो कर भरणाऱ्या बहुतेकांना आपण कशासाठी भरतो हे ठाऊक नसते. ठाऊक असते तर त्यांनी तो अधिक अभिमानाने भरला असता की अधिक कुरकुर केली असती, हे सांगणे कठीण आहे. १९७७ मध्ये विधिमंडळाने महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

त्यातील तरतुदी परीक्षेपुरत्या लक्षात ठेवाच, पण त्यांचा अर्थही पाहा. काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम द्यायचे आणि न दिल्यास बेकारी भत्ता द्यायचा. तो आरंभी दिवसाला एक रुपया इतका क्षुल्लक होता. परंतु त्या एका रुपयाने दोषाची दिशा फिरवली. माणूस रिकामा बसला असेल तर खुलासा करायचा तो शासनाने! इंग्रजी दुष्काळ-संहितांचे तर्कशास्त्र या एका कलमात उलटे झाले. स्त्री-पुरुषांना कामाच्या मोजमापाप्रमाणे सारखी मजुरी, कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली आणि मुलांसाठी सांभाळण्याची सोय, याही गोष्टी त्यात होत्या.

दिल्लीतील संसद येथून तीन-चार किलोमीटरवर आहे. तेथे ऑगस्ट २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी विधेयक संमत झाले तेव्हा महाराष्ट्राचा हा सुमारे तीन दशकांचा अनुभव त्याच्या मुळाशी होता. २ फेब्रुवारी २००६ रोजी २०० जिल्ह्यांत आरंभ, १ एप्रिल २००८ पासून सर्व ग्रामीण जिल्ह्यांत विस्तार, आणि २००९ मध्ये महात्मा गांधींचे नाव. टाळेबंदीच्या २०२०-२१ या वर्षात साडेसात कोटींहून अधिक कुटुंबांनी या कायद्याखाली काम केले आणि ३८० कोटींहून अधिक मनुष्यदिवस भरले. शहरातून पायी परतलेली माणसे होती ती. त्यांनी गावात पोहोचल्यावर मागितले ते काम.

‘मजूर मिळत नाही’

आता दुसरी बाजू, कारण ती खोटी नाही. विदर्भातील कापूस उत्पादक असो वा सांगलीचा द्राक्ष बागायतदार, त्याच्याकडून आपण हमखास ऐकतो की सरकारी योजनांनी मजूर बिघडवला. स्वस्त धान्य मिळते, खात्यात पैसे येतात, मग शेतावर येतो कोण? या तक्रारीमागे ऐन वेचणीच्या दिवसांत पीक डोळ्यांदेखत वाया जाण्याची भीती आहे. ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही.

तथापि तिचे पृथक्करण केले पाहिजे. रोजगार हमीची हजेरी उन्हाळ्यात फुगते आणि पेरणी सुरू झाली की ओसरते, हे महाराष्ट्रातही दिसले आणि पुढे देशभरही. शेतावर काम असते तेव्हा मजूर बहुधा शेतावरच असतो. दुसरे असे की, हमीची कामे नीट चालली तेथे खासगी मजुरीचे दर काहीसे वाढले असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. पूर्वी पडेल त्या दराने यावे लागणारी बाई आता ‘एवढ्यात परवडत नाही’ असे म्हणू शकते. याला कामाचा कंटाळा म्हणावे की कामाची किंमत मागणे म्हणावे? व्यापाऱ्याने भाव पडल्यावर माल रोखून धरला तर आपण त्याला धोरणी म्हणतो. मजुराजवळ रोखून धरायला आपले दोन हातच असतात. आणि शेतकऱ्याला परवडत नाही हेही तितकेच खरे आहे, कारण त्याच्या मालाचा भाव त्याच्या हाती नाही. एका गरिबाच्या अडचणीचे उत्तर दुसऱ्या गरिबाच्या लाचारीत शोधले जाते, ही या वादातील खरी दुःखाची गोष्ट होय.

या वादाचा ठसा कायद्यावरही उमटला. संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये २००५ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. त्यात हमी १०० वरून १२५ दिवसांवर नेली आहे, बहुतेक राज्यांसाठी खर्चाची वाटणी ६० : ४० केली आहे आणि पेरणी-काढणीच्या हंगामात वर्षातील एकूण ६० दिवसांपर्यंत कामे थांबवण्याची तरतूद ठेवली आहे. शेतीला मजूर मिळावा हा त्यामागील उघड हेतू आहे. दिवस वाढले हे स्वागतार्ह. मात्र हंगामात कामे बंद असताना भूमिहीन बाईची घासाघीस करण्याची शक्ती किती उरते, याकडे उद्याचे अभ्यासक आणि अधिकारी म्हणून आपण लक्ष ठेवले पाहिजे.

गैरव्यवहारांचे काय? ते झालेच. बोगस हजेरीपट, कागदावरचे पाझर तलाव, यंत्राने केलेल्या कामावर मजुरांच्या सह्या, हे सारे महाराष्ट्राने पाहिले. पण बोगस नावे हजेरीपटावर मजूर लिहीत नाही. १९८८ मध्ये किमान वेतनातील वाढीमुळे हमीची मजुरी जवळपास दुप्पट झाली. तेव्हा कामावरची गर्दी वाढेल असे कोणालाही वाटले असते. प्रत्यक्षात हजेरी घटली. अर्थशास्त्रज्ञांनी याचा शोध घेतला तेव्हा दिसले की कामेच कमी निघू लागली होती. निधीचा ताण कार्यालयाने जाणला आणि ‘मागेल त्याला काम’ हे ब्रीद न बोलता आखडले गेले. आकडे घटले की गरज संपली असे अहवालात लिहिणे सोपे असते.

जेथे श्रमाची अटच नाही

काही अनुदानांना कामाची अट नसते, आणि वाद सर्वाधिक पेटतो तो त्यांच्यावरून. संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० पासून आहे. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. केंद्राचा राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाला. ‘निवृत्तिवेतन’ या शब्दापाशी क्षणभर थांबा. चाळीस वर्षे दुसऱ्याच्या रानात खुरपणी केलेल्या म्हातारीला निवृत्तीच्या दिवशी कोणी शाल-श्रीफळ दिलेले नसते, तिची सेवापुस्तिकाही नसते. योजनेच्या नावाने का होईना, शासनाने तिची नोकरी मान्य केली, ही मला मोठी गोष्ट वाटते.

अशा रकमांनी माणूस आळशी होतो काय, हे मोजून पाहिलेले आहे. अभिजित बॅनर्जी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिको, होंडुरास, निकाराग्वा, मोरोक्को, इंडोनेशिया आणि फिलिपाइन्स या सहा देशांतील सात योजनांच्या आकडेवारीचा फेरअभ्यास करून २०१७ मध्ये तो प्रसिद्ध केला. रोख मदत मिळणाऱ्यांनी काम कमी केल्याचा सुसंगत पुरावा त्यात मिळाला नाही. मध्य प्रदेशात २०११-१२ मध्ये ‘सेवा’ संघटनेने काही गावांत दरमहा प्रौढास २०० आणि मुलास १०० रुपये देऊन प्रयोग केला. तेथील निष्कर्ष आपल्या शेतकऱ्याच्या तक्रारीवर प्रकाश टाकतो. काही कुटुंबांनी दुसऱ्याकडची मजुरी खरोखरच कमी केली, आणि तो वेळ स्वतःच्या तुकड्यात घातला. बियाणे-खताला चार पैसे हाती आल्यावर ते आपल्याच शेतात राबू लागले. मोठ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने मजूर ‘नाहीसा’ झाला होता. तो प्रत्यक्षात बांधाच्या पलीकडे उभा होता.

श्रमाला परावृत्त करणारी गोष्ट जर कोठे असेल तर ती बऱ्याचदा नियमात असते. निराधार योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा दीर्घकाळ २१,००० रुपये राहिली. आता हिशेब करा. महाराष्ट्रात २०२४-२५ मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. एखाद्या घरातील सुनेने हमीचे पूर्ण १०० दिवस भरले तर २९,७०० रुपये होतात, म्हणजे कायद्याने दिलेले काम पूर्ण केल्याबद्दल सासूचे अनुदान अपात्र! एका हाताने काम देणारे आणि दुसऱ्या हाताने काम केल्याबद्दल दंड करणारे शासन एकच. मग ते घर उत्पन्न लपवते, तलाठी ते समजून घेतो, कधी त्याची किंमतही घेतो, आणि गावात म्हटले जाते की लोक लबाड झाले. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरती ठेवता येते, हे अर्थशास्त्रात नवीन नाही. तिच्यासाठी मोर्चा निघत नाही एवढेच.

जुलै २०२४ पासून महाराष्ट्रात २१ ते ६५ वयोगटातील पात्र स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये देणारी लाडकी बहीण योजना आली. तिच्या खर्चाच्या भाराबद्दल गंभीर मतभेद आहेत आणि ते असले पाहिजेत. राज्याच्या अर्थसंकल्पाचे गणित भावनेने सुटत नाही. पण ‘घरबसल्या पैसे’ हा शब्दप्रयोग मला खटकतो. भारत सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील विनामोबदला कामात भाग घेणारी स्त्री त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करते, पुरुष ८८ मिनिटे. घरात बसलेली ही बाई नेमकी कधी बसते?

आपला स्वतःचा प्रश्न

मित्रहो, हा विषय दुसऱ्यांचा आहे असे समजून आपण ऐकत असाल, तर थोडे आपल्याकडेही वळू. आपल्यातील अनेक जण वयाच्या पंचविशीत कमावत नाहीत. कोणाचे वडील गावाकडून पैसे पाठवतात, तर कोणी बार्टी, सारथी किंवा महाज्योती या शासकीय संस्थांच्या विद्यावेतनावर दिल्लीत राहतो. ते घेताना संकोच वाटण्याचे काडीचेही कारण नाही. माझा मुद्दा शब्दाचा आहे. आपल्याला मिळते ते ‘विद्यावेतन’, उद्योगाला मिळते ते ‘प्रोत्साहन’, आणि निराधार बाईला मिळते ते ‘अनुदान’, चारचौघांच्या भाषेत ‘फुकटचे पैसे’. तिजोरी तीच, करदाताही तोच.

ही उतरंड जुनी आहे. माधुकरी मागून किंवा वार लावून जेवून शिकलेल्या मुलाची गोष्ट मराठी चरित्रांत नेहमीच अभिमानाने सांगितली गेली. त्याच दारात दुसऱ्या जातीचा, न शिकणारा कोणी उभा राहिला तर तो भिकारी ठरे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी या उतरंडीला बगल दिली. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेत त्यांनी मुलांना कष्ट करून शिकायला लावले आणि खेड्यापाड्यांतील गरीब मुलांना ताठ मानेने उभे केले. गाडगेबाबांचे उदाहरण तर मला सर्वांत समर्पक वाटते. हातात खराटा घेऊन आधी गाव झाडल्याशिवाय किंवा कोणाचे लाकूड फोडल्याशिवाय ते भाकरी घेत नसत. इतक्या कडक श्रमवादी माणसाने लुळ्या-पांगळ्यांसाठी, आंधळ्यांसाठी अन्नदान मात्र आयुष्यभर चालवले, आणि त्या पंगतीत बसणाऱ्याकडून खराट्याची अपेक्षा केली नाही. स्वतःला लावलेली कसोटी त्यांनी दुसऱ्याच्या पानावर लावली नाही. बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवनात कुष्ठरुग्णांना दानापेक्षा काम दिले. बोटे झडलेली माणसे भाजीपाला पिकवू लागली, तेव्हा ‘ही काम करू शकत नाहीत’ हे समाजाने किती घाईने ठरवले होते ते उघड झाले.

पुन्हा दिल्लीकडे

दिल्लीतील भिक्षा प्रतिबंध कायद्याचे पुढे काय झाले? २००६ मध्ये राम लखन प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने, माणूस भीक का मागतो याची कारणे वेगवेगळी काढून पाहिली : आळस, व्यसन, टोळीची सक्ती आणि उपासमार. शिक्षा देण्यापूर्वी न्यायालयाने हे कारण पाहिले पाहिजे, अशी त्या निकालाची दिशा होती. पुढे ८ ऑगस्ट २०१८ रोजी त्याच न्यायालयाने भीक मागणे हा गुन्हा ठरवणारी कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. जगण्याची साधने राज्यसंस्था पुरवू शकत नसेल, तर जगण्यासाठी हात पसरणे गुन्हा कसा, हा प्रश्न तेथे कळीचा होता. जुलै २०२१ मध्ये रस्त्यांवरून भिक्षेकऱ्यांना हटवण्याची मागणी करणाऱ्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानेही तशी बंदी घालण्यास नकार दिला. २०२२ मध्ये केंद्राच्या ‘स्माइल’ योजनेत भिक्षेकऱ्यांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र भाग आला.

म्हणजे १९५९ च्या कायद्याची नांगी दिल्लीत मोडली. पण १९७७ च्या कायद्याचा वारसा पहाडगंजला पोहोचलेला नाही, कारण रोजगार हमी ग्रामीण भागापुरती आहे. पागे यांच्या काळी ते समजण्यासारखे होते. शहरात काम मिळतेच, असे तेव्हा धरले जाई. आज सकाळी शहरांच्या लेबर चौकांत, मुंबई-पुण्याच्या मजूर नाक्यांवर, उन्ह वर चढेपर्यंत उभी असलेली माणसे ते गृहीत खोटे ठरवतात. केरळने २०१० मध्ये अय्यंकाळी यांच्या नावाने नागरी रोजगार हमी सुरू केली, राजस्थानने २०२२ मध्ये शहरी योजना आणली. ज्या राज्याने देशाला ही कल्पना दिली त्याने शहरांसाठी ती पुढे नेऊ नये, हे मला चमत्कारिक वाटते.

शेवटी एक कारकुनी तपशील सांगतो, कारण आपल्यातील काही जण दोन-तीन वर्षांत तहसील कार्यालयात किंवा पंचायत समितीत बसलेले असतील. महाराष्ट्रात रोजगार हमीचे काम मागण्याचा अर्ज नमुना ४ म्हणून ओळखला गेला आणि त्याची तारखेसह पोच नमुना ५ म्हणून. पंधरा दिवसांची मुदत त्या पोचेवरील तारखेपासून मोजली जाते. पोच दिली नाही तर मुदत सुरू होत नाही, मुदत सुरू झाली नाही तर बेकारी भत्ता लागू होत नाही, आणि वर्षअखेरीच्या अहवालात ‘मागणी नाही’ असे लिहिता येते. नवीन कायद्याखाली नमुन्यांचे क्रमांक बदलतील, अर्ज कदाचित भ्रमणध्वनीवरून होईल. आपल्या टेबलासमोर काम मागायला आलेली बाई उभी राहील, तेव्हा तिच्या हातात तारीख घातलेला तो कागद पडला की नाही, एवढे त्या दिवशी कार्यालय बंद करण्यापूर्वी पाहून घ्या.